डाव्या अंगाचं ठिगळ

१

नऊ नोव्हेंबर. आभाळ राखाडी, वारा समोरून आणि बेताचा, पाऊस नाही. रंग सुकायला चांगला दिवस.

कवळीवाल्याने एका निवृत्त पोस्टमास्तरांचे खालचे दात पॉलिश करून डबीत ठेवले, हात धुतले आणि तो मागच्या खोलीत गेला. गल्लीत त्याला सगळे कवळीवालाच म्हणत. दंतवैद्य तोंडाचं माप पाठवत, हा दात घडवून देई. उरलेला वेळ विमानाचा.

विमान चार टेकूंवर उभं होतं. आडव्या झोपलेल्या माणसाहून हातभर लांब, खऱ्या लढाऊ जेटच्या एक पंचमांश, पोटात रॉकेलवर चालणारं खरंखुरं छोटं टर्बाइन. सांगाडा, पंख, चाकं, सगळं झालं होतं. राहिलं होतं ते कातडीचं काम. पत्र्याचे जोड दाखवणाऱ्या केसाएवढ्या रेघा, झडपांच्या चौकटी, आणि रिव्हेट. हजारो रिव्हेट. सिरिंजची सुई कानशीने बोथट करायची, तिच्यातून पांढऱ्या गोंदाचा एकेक थेंब पट्टीला धरून सोडायचा. थेंब सुकून बसला की वरून रंग. मग तो थेंब राहत नाही, ठोकलेली खीळ होते. निदान तशी दिसते.

घर म्हणजे एक लांबोळकं प्रकरण होतं. पुढे त्याच्या वडिलांची, आबांची खोली, तिला तीन बाजूंनी काचा. मधे स्वयंपाकघर. सगळ्यात मागे ही कामाची खोली आणि तिच्या भिंतीत रंगाचा वास बाहेर फेकणारा मोठा गोल पंखा. बायको म्हणायची, "बांधणाऱ्याने बोगद्याचा नकाशा चुकून इथे वापरलाय."

"झालं का रे तुझं खेळणं?" पुढच्या खोलीतून आबांनी हाक मारली.

"खेळणं नाही आबा. तुमचं सात नंबर आहे."

"सात नंबर मी बघितलंय. तुझी कवळी अन् तुझं विमान, दोन्ही लांबून बरी. जवळ आली की चावतात."

आबांनी सगळी नोकरी विमानांच्या दुरुस्ती-शेडमध्ये रिव्हेट ठोकण्यात काढली. शेपटीवर सात आकडा असलेलं हे जेट किती वेळा त्यांच्या हातांखालून गेलं, त्याचा हिशेब नव्हता. स्वतः मात्र ते एकदाही वर गेले नाहीत. रिव्हेट ठोकणाऱ्याला वर कोण नेणार? आता ते काचेच्या खोलीत पलंगावर असत. डॉक्टर म्हणाले होते, हृदय दमलंय, हिवाळा पार पडला तर पुढचं बघू.

रविवारी मॉडेल विमानांचा वार्षिक मेळावा होता. आधी जमिनीवर बारकाईचं परीक्षण, मग उड्डाण. कवळीवाला तिथे तीनदा गेला होता आणि तीनदा हात हलवत परतला होता. या वेळी त्याला पहिला नंबर हवा होता. पण त्याहून जास्त हवी होती एक गोष्ट: आबांनी एकदा तरी बघून म्हणावं, हेच ते.

"गेल्या वर्षीसारखे ओघळ नको काढूस," आबा म्हणाले. "तेलाचे डाग खाली सोडले होतेस. ते काय गळक्या नळाचं पाणी आहे? अरे, विमान उडतं. उडणाऱ्या अंगावरचा डाग मागे पळतो."

"परीक्षकबाईंनीही तेच सांगून मार्क कापले."

"मग शहाणी आहे बाई."

२

त्या दिवशी त्याने शेपटीकडून सुरुवात केली. टर्बाइनच्या नळकांड्याभोवती रिव्हेटची दुहेरी माळ. हात चांगला चालला होता. शेवटी शेवटी शिंक आली आणि एक थेंब ओळीबाहेर सरकला, मोहरीच्या अर्ध्याएवढा. पुसायला घेतला तेव्हा तो धरून बसला होता. तसाच राहू दे, म्हणाला. आबांच्या शेडमध्येही कोणीतरी शिंकत असेलच की.

सकाळी पंखा लावायला गेला तर पंख्याभोवतीच्या भिंतीवर बारीक उंचवटे होते. गोल, समान अंतरावर, दोन ओळींत.

रंगाचे शिंतोडे, त्याने ठरवलं. पंखा वास ओढतो, सोबत फवारा ओढतो, तो तिथे बसतो. शिंतोडे ओळीत कसे बसतील, हा प्रश्न त्याने जरा बाजूला ठेवला. चहा घेऊन परत आला आणि बोटाने ती माळ चाचपत गेला. डाव्या वरच्या बाजूला एक उंचवटा ओळीबाहेर सरकलेला होता.

त्याने तो नखाने खरवडला. गोंद नव्हता. चुनाही नव्हता. वरचा रंग निघाला आणि खाली चकाकलं. थंड होतं.

"अगं, या भिंतीला कोणी खिळे मारले का?"

बायको दारात आली, हाताला पीठ. "तुमच्या खोलीत येऊन खिळे मारायला कुणाला वेड लागलंय? डोळ्यांना जरा सुट्टी द्या. काल ताटातल्या भातालाही तुम्ही ओळीत लावत होतात."

हे खरं होतं. त्याला स्वतःचंच हसू आलं. आठवडाभर भिंग लावून ठिपके बघणाऱ्याला ठिपके नाही दिसणार तर काय हत्ती दिसणार?

तरी त्या दिवशी त्याने पंखा लावला नाही. खिडकी उघडून काम केलं.

३

मधल्या भागाच्या रेघा निघाल्या त्या आजवरच्या सर्वांत सुंदर. केसाएवढी कागदी पट्टी चिकटवायची, वरून जाड रंगाचे थर, आणि ओलसर असतानाच पट्टी सोलायची. खाली जी खाच उरते, तो पत्र्याचा जोड. पट्टी सोलताना दर वेळी त्याच्या अंगावर शहारा येई, आनंदाचा. मग डाग. मऊ कुंचला, जरासा तपकिरी, प्रत्येक झडपेच्या कडीमागून, प्रत्येक नळीच्या तोंडातून, मागे, शेपटीकडे, विरत जाणारा. संध्याकाळी दिवा लावून तो दूर उभा राहिला आणि त्याच्या तोंडून निघालं, "वा रे पठ्ठ्या!"

दुसऱ्या दिवशी कचरा टाकायला बाहेर गेला तेव्हा त्याची नजर स्वयंपाकघराच्या धुराड्यावर गेली. भिंतीतून बाहेर आलेली ती छोटी नळी वर्षानुवर्षं तशीच होती आणि तिच्या तोंडाशी काजळीही होतीच. पण ही काजळी वर चढत नव्हती की खाली उतरत नव्हती. ती भिंतीवरून आडवी गेली होती. पंख्याच्या दिशेला, विरत विरत.

वारा, त्याची बुद्धी चटकन म्हणाली. आठवडाभर समोरून वारा आहे. झालं.

मग त्याला नळाच्या पाइपाची पट्टी दिसली. तिच्यामागेही आडवा ओघळ. दाराच्या बिजागरांमागे. पत्रपेटीच्या स्क्रूमागे. घराच्या त्या अंगाला जे जे काही पृष्ठभागाबाहेर आलं होतं, त्या प्रत्येकाची एक बारीक तपकिरी शेपटी मागे गेली होती.

तरी वाराच.

तो आत आला. स्वयंपाकघरातलं बंद कपाट उघडलं, डबे बाजूला केले. आतल्या कडीमागे, जिथे वारा कधी गेला नव्हता आणि जाणारही नव्हता, तिथे तसाच एक ओघळ होता. नखभर, नीट, मागच्या दिशेला.

कुंचल्याचा हात त्याने ओळखला. शेवटी किंचित उचलून सोडण्याची ती लकब त्याचीच होती.

"काय शोधताय?" बायकोने विचारलं.

"साखर."

"हातात धरलीये तीच ना?"

४

आबांना त्याने सांगितलं नाही. त्यांनी मात्र भलतीच गोष्ट काढली.

"डाव्या अंगाला ठिगळ लावलंस का?"

"कसलं ठिगळ?"

"बसायच्या जागेच्या खाली. शिडी आदळून पत्रा फाटला होता. साहेब म्हणाला, अख्खा पत्रा बदला. मी म्हटलं, संध्याकाळपर्यंत देतो. तळहाताएवढं अर्धचंद्री ठिगळ मारलं, कडेने रिव्हेट. विमान त्याच ठिगळावर पुढे सगळी वर्षं उडालं." आबांनी हवेत अंगठ्याने चंद्र काढला. "ते नसेल तर तुझं ते सात नंबर नाही. कुठलंही."

कवळीवाल्याने फोटो आणून दाखवले. परीक्षकांपुढे हेच फोटो ठेवायचे होते. मॉडेलवरची प्रत्येक खूण फोटोत दिसली पाहिजे, नाही दिसली तर मार्क कापले जातात, असा मेळाव्याचा नियम. फोटोत डावं अंग स्वच्छ होतं. त्याने ते भिंगाखाली इतक्यांदा पाहिलं होतं की डोळे मिटूनही दिसायचं.

"फोटो आधीचा असेल," आबा म्हणाले.

"पण परीक्षकबाई मार्क कापतील."

"कापू दे की. तुला मार्क हवेत का विमान?"

जेवताना तो पोळीचे तुकडे ताटात नुसते सरकवत राहिला. बायकोने दोनदा विचारलं, पोट बिघडलंय का. जेवण झाल्यावर तो उठला, पातळ अॅल्युमिनियमची पट्टी कापली, दातांच्या कामातल्या कानशीने कडा घासल्या आणि डाव्या अंगाला, कॅनॉपीच्या, म्हणजे वैमानिकाच्या काचेच्या झाकणाखाली, नखाएवढा चंद्र बसवला. कडेने थेंब. लावताना त्याला ठाऊक होतं की पहिला नंबर गेला. हात तरी हलला नाही.

सकाळी आबा पलंगावर कुशीला वळलेले होते. त्यांचा पलंग डाव्या भिंतीला लागून होता आणि त्या भिंतीत खाली एक भेग होती, हिवाळाभर गार वारा आत सोडणारी. आबांचा हात तिथे टेकलेला होता. त्यांनी तो सावकाश काढला.

भेगेवर तळहाताएवढं अर्धचंद्री धातूचं ठिगळ होतं, कडेने रिव्हेट.

"चांगलं बसलंय," आबा म्हणाले. "वारा थांबला."

५

आता बुद्धीने हात वर केले. कवळीवाला पलंगाच्या कडेला बसला आणि त्याने सगळं सांगितलं: पंखा, काजळी, कपाट. बोलता बोलता त्याचा आवाज बारीक होत गेला, कारण जे तो सांगत होता त्याच्या टोकाला काय आहे ते त्याला त्याच वेळी कळत होतं.

"आबा, मी तिथे जे करतो ते इथे होतं."

"दिसतंय की."

"रविवारी मी ते उडवणार आहे."

आबा ठिगळाच्या कडेवरून अंगठा फिरवत होते.

"गेल्या मेळाव्यात तीन विमानं पडली. एकाचं टर्बाइन हवेत बंद पडलं, एकाचा सिग्नल गेला. तिसरं मातीत इतकं घुसलं की फावड्याने काढलं." त्याने स्वयंपाकघराकडे पाहिलं. तिथे भांडी वाजत होती. "मी नाही जात. नाहीतर तुम्ही दोघं त्या दिवशी शेजारी जाऊन बसा."

"मी या खोलीतून हलणार नाही. आणि सूनबाई मला सोडून जायची नाही. तिला सांगून बघ, ती तुझंच डोकं तपासायला नेईल." आबांनी कवळी काढून उशाशी पेल्यातल्या पाण्यात टाकली. काठोकाठ भरलेला पेला, रोजच्यासारखा. बिनदाताच्या तोंडाने ते हसले. "आमच्याकडे एक साहेब होता. मांडीवर पाण्याचा पेला धरून विमान पालथं करायचा अन् सरळ करायचा, थेंब सांडायचा नाही. म्हणायचा, हात चांगला असला की पाण्याला कळतसुद्धा नाही."

"आबा, मी काय सांगतोय, तुम्ही काय सांगताय!"

"ऐकलं मी. तू म्हणतोस, उडवलं तर आम्हीही उडणार."

"हो."

"मग नीट उडव."

६

रविवारी आभाळ पुन्हा भरून आलं. निघताना बायकोने आबांच्या खोलीत दिवा लावला, भर सकाळी. निळ्या चौकटीचा पडदा अर्धा ओढला.

"आज घरीच थांब," तो म्हणाला. "गॅस बंद ठेव. जड काही वर ठेवू नकोस."

"भूकंप आणताय का येताना?"

मैदानावर त्याच्या मदतीला मिशाळ होता, नळ जोडणारा त्याचा जुना मित्र, ओठांवर झाडूएवढी मिशी. उड्डाण करणाऱ्याची नजर विमानावर खिळलेली असते, तेव्हा पुढचा प्रकार कोणता ते शेजारी उभं राहून ओरडायचं काम त्याचं.

परीक्षकबाईंनी भिंग काढलं. शेपटीपासून निघाल्या, इंचाइंचाने पुढे सरकल्या. सरकलेल्या थेंबापाशी थांबल्या, हसल्या. ओघळांपाशी मान हलवली. डाव्या अंगाला येऊन थबकल्या.

"हे ठिगळ?"

"ते आहे," कवळीवाला म्हणाला. "माझ्या वडिलांनी मारलंय. फोटोत नाहीये, मला माहीत आहे. मार्क कापा."

बाईंनी फोटो उचलला, भिंग धरलं. "फोटोत नाही कसं? हे काय. अर्धचंद्री. रिव्हेटसुद्धा मोजता येतायत." त्यांनी फोटो त्याच्यासमोर धरला. "बघा ना."

त्याने बघितलं नाही.

"आमचा माणूस लाजाळू आहे," मिशाळ म्हणाला. "तुम्ही मार्क द्या, बाई."

७

टर्बाइनने शीळ घातली, शिळेची किंकाळी झाली, आणि विमान धावपट्टी सोडून वर गेलं. कवळीवाल्याने आजवर कधीच इतक्या हळुवार अंगठ्याने रिमोटच्या काठ्या हलवल्या नव्हत्या. वळणं अशी घेतली की जणू विमानाच्या पोटात झोपलेलं मूल आहे. लोक माना वर करून बघत राहिले. वरून ते खरंच मॉडेल दिसत नव्हतं. ढगाखालून निघून येणारं, अंगभर तेलाचे डाग मिरवणारं, वापरलेलं, जुनं, खरं जेट दिसत होतं.

"अप्रतिम," मिशाळ कानाशी म्हणाला. "आता गिरकी. ही घेतलीस की नंबर आपला."

त्याच वेळी आडवा वारा आला. विमान जरासं दचकलं.

"गिरकी नाही घेत."

"काय?"

"मिशाळ, नाही घेत. सरळ नेतो, उतरवतो."

"अरे, गिरकीचे मार्क सगळ्यात जास्त! वेडा झालास का?"

"घरी माणसं आहेत," कवळीवाला म्हणाला. मिशाळला त्यातलं काही कळलं नाही.

त्याने काठ्या मध्यावर आणल्या आणि धरून ठेवल्या. अंगठे स्थिर होते. मिशाळ त्यांच्याकडेच बघत होता, नंतरही तो शपथेवर तेच सांगायचा. विमानाने नाक किंचित वर केलं. मग ते डाव्या पंखावर कललं, कलत राहिलं, पालथं झालं. पिपाच्या आतल्या बाजूने चालत जावं तसं, न घसरता, न घाई करता.

ते पालथं असतानाच अगदी समोरून, खालून गेलं. कॅनॉपीत त्याने बसवलेला हेल्मेटवाला बाहुला दिसला नाही. काचेच्या आत पिवळा उजेड होता. निळ्या चौकटीचा पडदा होता, अर्धा ओढलेला. पडद्याच्या कडेला, काहीतरी घट्ट धरलेली, एक सुरकुतलेली मूठ होती.

मग पंख फिरला, आणि विमान सरळ होऊन दूर गेलं. मैदानात टाळ्यांचा कडकडाट झाला. मिशाळ नाचत होता.  अंगठ्याखालच्या काठीत कवळीवाल्याला पुन्हा त्याचं विमान लागलं, ओळखीचं, आज्ञाधारक. त्याने ते खाली आणलं. शेवटच्या क्षणी त्याची नजर कॅनॉपीकडे गेली, आणि चाकं मधल्या पांढऱ्या रेघेच्या जराशी डावीकडे टेकली.

८

घर जागेवर होतं. त्याने गाडीतूनच पाहिलं आणि त्याचा श्वास सुटला. मग फाटकातून दाराकडे जाताना तो अडखळला. फरशीची पायवाट दाराच्या पायरीला बरोबर मधोमध भिडायची. आता ती मध्यापासून जराशी उजवीकडे भिडत होती.

बायको स्वयंपाकघरात खाली बसली होती, पाठ भिंतीला, दोन्ही हात फरशीवर टेकलेले.

"काही सांडलं नाही," ती म्हणाली. "मी चहा ओतत होते. चहा बरोबर कपातच पडला. पण अहो, खिडकीत..." तिने बोट दाखवलं. "खिडकीत रस्ता वर होता. शेजाऱ्यांचं झाड खाली लोंबत होतं. मी ओतत राहिले. काय करणार?"

तो तिच्याजवळ बसला, तिचा हात हातात घेतला. "अरे, इकडे या की!" पुढून आबांनी हाक मारली. इतक्या मोठ्या आवाजात त्यांनी कित्येक महिन्यांत हाक मारली नव्हती.

आबा पलंगावर ताठ बसले होते. विरळ केस डोक्याला चप्प बसलेले, जणू आताच हेल्मेट काढलंय. नाकावरून आणि गालांवरून एक लाल गोल वळ, वैमानिकाचा मुखवटा घट्ट बांधल्यासारखा. खोलीत रॉकेलचा वास होता. त्यांचे डोळे असे चमकत होते की कवळीवाल्याला ते स्वतःपेक्षा धाकटे वाटले.

"तू घाबरलास," आबा म्हणाले. "म्हणून मी घेतली."

"हो आबा."

"उतरताना डावीकडे गेलास."

"हो."

आबांनी हात लांब करून भिंतीवरच्या ठिगळावर ठेवला. "आता हेच ते," ते म्हणाले. "हेच ते सात नंबर." मग पेल्याकडे वळून त्यांनी कवळी काढली, तोंडात बसवली, जीभ फिरवून पाहिली. "ही मात्र अजून चावते."

बारकाईचं परीक्षण: शंभरपैकी अठ्ठ्याण्णव. उड्डाण: शंभरपैकी सत्त्याण्णव, गिरकीचे पूर्ण. क्रमांक पहिला. घर डावीकडे चार इंच. पेल्यातलं पाणी काठोकाठ.